लिमिटेड एडिशन रेझरची किंमत : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

काम ठरलं. टायटॅनियमचा सेफ्टी रेझर, प्रत्येकावर क्रमांक, एकदाच काढायचा. घडवणं दादाकडे, हिशेब आणि किंमत माझ्याकडे.

नोंदींत चलन लिहिणार नाही. आमच्या नेहमीच्या स्टेनलेस रेझरची विक्री किंमत १०० धरली आहे, बाकी सगळे आकडे त्याच मापात. धातूचे भाव वरखाली होतात, प्रमाण बरंच टिकतं. विक्रीवरचा कर यात कुठेच धरलेला नाही, तो वरून लागेल.

दादाचं मत पहिल्याच दिवशी आलं: "खर्चाच्या दुप्पट लाव आणि मोकळी हो." बघू. आधी खर्च म्हणजे नेमकं काय हे तरी कळू दे.

११ जानेवारी

दर नगी थेट खर्चाचा पहिला कागद.

धातू ९. ग्रेड ५ टायटॅनियम, म्हणजे साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेला. सळईचा निम्म्याहून जास्त भाग बर, म्हणजे कापलेला कीस, म्हणून खाली पडतो, तोही या ९ मध्येच आहे. तरीही हा आकडा लहान आहे. गिऱ्हाइकाला वाटतं की रेझर महाग तो धातूमुळे. धातूमुळे तो महाग होतो खरा, पण वेगळ्या वाटेने.

मशीनचा वेळ ३१. खरं कारण इथे आहे. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे कापताना तयार होणारी बहुतेक गरमी टूलच्या टोकाशी साठते. मग वेग कमी ठेवा, कूलंट भरपूर सोडा, टूल लवकर बदला. बारीक चुरा पेट घेऊ शकतो म्हणून तो वेगळ्या झाकणाच्या डब्यात. स्टेनलेसची जितकी डोकी (ब्लेड धरणारा वरचा भाग) एका पाळीत निघतात त्याच्या जेमतेम निम्मी इथे निघतील.

हाताचं काम २४. कडा मोडणं, बीड ब्लास्टिंग (बारीक मणी हवेच्या जोराने मारून पृष्ठभाग एकसारखा करणं), जिथे चकाकी हवी तिथे बफिंग, धुणं, तपासणं.

क्रमांक कोरणं, स्टँड आणि पेटी मिळून ११. पेटीवर आणखी खर्च करावा असं मला वाटत होतं. दादाने मान हलवली. त्याचं म्हणणं, पेटी कपाटात जाते, रेझर रोज हातात येतो. पेटी साधीच राहील.

१५ जानेवारी

वरच्या कागदात रिजेक्शन नव्हतं. ते आज घातलं.

तपासणी कशी होते ते शेजारी बसून पाहिलं. दादाने बेसप्लेटवर ब्लेड ठेवलं, टोपी लावली, मूठ आवळली. ब्लेड ०.१ मिलिमीटर जाडीचं, २२ मिलिमीटर रुंद. ते टोपीच्या बाकाखाली वाकून बसतं. मग फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पट्टी ब्लेडची धार आणि बेसप्लेटच्या कडेमधल्या फटीत सरकवली. एका बाजूला ०.७० ची पट्टी सहज गेली. दुसऱ्या बाजूला ०.७० अडली, ०.६५ गेली. डोकं बाजूला काढलं. पाच शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. गालाला कळतो: एक बाजू मऊ चालते, दुसरी खरवडते. नेहमीच्या रेझरमध्येही आम्ही हे चालवून घेत नाही, इथे तर प्रश्नच नाही.

यापलीकडे दिसण्यावरून बाद होणारे. ब्लास्टिंगनंतर टोपीच्या पाठीवर केसाएवढी रेघ राहिलेला नग दाढी उत्तम करेल. पण क्रमांक घालून, पेटीत ठेवून, मोठी किंमत लावून तो देता येत नाही.

आतापर्यंतच्या चाचणीवरून १०० सुरू केले तर ८५ पास होतील असं धरते. धातू, मशीन, हात यांची बेरीज ६४, ती ०.८५ ने भागली की ७५. पेटीचे ११ मिळवून ८६. म्हणजे बाद झालेल्या मालाचा बोजा जवळजवळ पेटीएवढाच.

एक सूचना स्वतःलाच: मशीनचा वेळ सर्वांत चांगल्या नगावरून धरायचा नाही. १९३६ मध्ये टी. पी. राइट या अभियंत्याने विमानांच्या कारखान्याबद्दल दाखवलं होतं की उत्पादन दुप्पट झालं की दर नगी मजुरी ठरावीक टक्क्यांनी उतरते. हात बसतो, हे खरं. पण थोडेच नग काढायचे तर हात बसेपर्यंत काम संपत आलेलं असतं. सुरुवातीचे रेंगाळलेले नगही सरासरीत धरायलाच हवेत.

२० जानेवारी

आता एकदाच होणारा खर्च. जिग आणि फिक्स्चर (मशीनवर नग जागच्या जागी धरणारी साधनं), मशीनचा प्रोग्रॅम, खास टूल, चाचणीत वाया गेलेले नग, डोक्याची नवी भूमिती बसवण्यात गेलेला वेळ. एकूण ३६००.

हा बोजा नगांच्या संख्येवर वाटायचा. ५० काढले तर प्रत्येकावर ७२. १०० काढले तर ३६. १५० वर २४, ३०० वर १२. दर नगी ८६ त्यात मिळवले की अनुक्रमे १५८, १२२, ११० आणि ९८.

या ओळीकडे बराच वेळ बघत होते. ५० वरून १०० वर गेलं की प्रत्येक नगामागे ३६ वाचतात. १५० वरून ३०० वर गेलं की फक्त १२. म्हणजे खर्चाच्या बाजूने पाहिलं तर शंभराच्या आसपास बहुतेक फायदा पदरात पडलेला असतो. त्यापुढे संख्या वाढवून खर्च फारसा उतरत नाही, जोखीम मात्र वाढते.

बाजारात स्वस्त मिळणारे क्रोम चढवलेले रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे, झमाकचे असतात. तो वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात. साचा महाग, नग फुकटात पडल्यासारखा. ते गणित हजारोंच्या संख्येचं. आमचं गणित त्याच्या उलट्या टोकाला आहे, त्यामुळे त्यांच्या किमतीशी तुलना करणाऱ्यांना उत्तर देत बसायचं नाही.

२३ जानेवारी

संख्या खर्चाने ठरली नाही, दादाच्या हातांनी ठरली. पॉलिश तो दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि नेहमीचं कामही थांबवता येत नाही. उन्हाळा संपेपर्यंत त्याच्या हातून १२० च्या आसपास होतील, जास्त नाही.

१२० बनवू, ११० विकू, १० क्रमांकाविना राखून ठेवू. कुणाची टोपी वाकडी पडली, कुणाचे आटे गेले तर पुढच्या काळात बदलून द्यायला काहीतरी हवं. फिक्स्चर मोडून दुसरं काम मशीनवर चढलं की एका टोपीसाठी पुन्हा सेटिंग करणं म्हणजे त्या टोपीची किंमत अख्ख्या रेझरपेक्षा जास्त. "आयुष्यभर दुरुस्ती" असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. ते वाक्य खरं ठरवायला किती लागतात याचा आकडा कागदावर आणलेला बरा: १० नग, म्हणजे ८६०.

एकूण खर्च: १२० गुणिले ८६ म्हणजे १०३२०, अधिक ३६००, बेरीज १३९२०. भागिले ११०, दर नगी १२६.५. पैसे स्वीकारण्याचं शुल्क, पाठवणी, परत येणारे पार्सल मिळून विक्री किमतीच्या ५ टक्के धरले. १२६.५ ला ०.९५ ने भागलं की १३३ च्या थोडं वर. तळ १३४.

या खाली विकणं म्हणजे पदरमोड.

२९ जानेवारी

दादाच्या 'दुप्पट'चं काय करायचं? नेमकं कशाच्या दुप्पट? ८६ च्या धरली तर १७२, १२६.५ च्या धरली तर २५३. दोन्ही 'खर्च'च. नियम दिसतो साधा, पण सगळी मारामारी 'खर्च' कशाला म्हणायचं यावरच. शिवाय त्यात एक वाकडेपणा आहे: आमच्याकडून रिजेक्शन जास्त झालं तर गिऱ्हाइकाने जास्त द्यायचं, आणि दादाने हुशारीने वेळ वाचवला तर आम्हाला कमी मिळायचं.

खर्चावरून तळ कळतो आणि संख्येला दिशा मिळते. किंमत त्यातून निघत नाही.

३ फेब्रुवारी

वजनाचा घोळ.

पितळेची घनता साधारण ८.५, स्टेनलेसची ८, टायटॅनियमची ४.४. तोच आकार स्टेनलेसमध्ये ११० ग्रॅम भरत असेल तर टायटॅनियममध्ये ६१ च्या आसपास. आणि हातात जड लागलं की वस्तू भारी वाटते, ही सवय प्रत्येकाला आहे. सगळ्यांत महाग रेझर उचलल्यावर सगळ्यांत हलका लागला तर पहिल्या क्षणी मन खट्टू होणारच.

दादाने सुचवलं, मुठीच्या पोटात पितळेची सळई घालून वजन वाढवू. मी नको म्हटलं. टायटॅनियमचे पैसे घ्यायचे आणि त्याचा गुण लपवायचा, हे पटत नाही. ज्याला जड हवं त्याच्यासाठी स्टेनलेस आहेच, तोही कमी किमतीत. इथे हलकेपणा हाच माल आहे: डोक्याकडे झुकलेला तोल, हाताने दाब न देता ब्लेड चालणं. वर्णनात वजन ग्रॅममध्ये पहिल्याच ओळीत द्यायचं. उचलून निराश होणारा गिऱ्हाईक आधीच गळलेला बरा. परत आलेलं पार्सल फार महागात पडतं, कारण उघडलेला, ब्लेड लावलेला रेझर नवा म्हणून पुन्हा विकता येत नाही.

मुठीत दुसरा धातू येणार आहे, पण वेगळ्या कारणाने. टायटॅनियमवर टायटॅनियमचे आटे फिरले की ते एकमेकांना धरतात, जाम होतात, कधी सुटतच नाहीत. म्हणून मुठीत फॉस्फर ब्राँझची बुश, म्हणजे आत बसवलेली छोटी नळी, तिच्यात एम ५ (५ मिलिमीटर) चे आटे. खर्चात नगण्य भर, पण परतीचं एक मोठं कारण कमी.

१० फेब्रुवारी

"रेझर स्वस्तात द्या, ब्लेडवर कमवा" हा सल्ला आज पुन्हा एकाने दिला. देणाऱ्याला वाटतं की जिलेटने पहिल्यापासून हेच केलं. तसं झालं नव्हतं. १९०३ साली जिलेट कंपनीने विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. रेझर ५ डॉलरचा होता. तेव्हाच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला मोठा लचका. पेटंट १९०४ चं. पेटंटचं संरक्षण होतं तोवर कंपनीने रेझर महागच ठेवला. १९२१ मध्ये मुदत संपत आली, नकला येणार हे दिसलं, तेव्हा जुन्या धाटणीचा रेझर १ डॉलरवर आणला.

आमच्या कामाचं त्यातलं एवढंच: दुधारी ब्लेड आज कुणा एकाचं नाही. आजची मधल्या लांब खाचेची पट्टी १९३० च्या सुमाराची. ती कुणीही बनवतं, कुठल्याही रेझरला बसते. आम्हाला ब्लेडमधून कधीच काही मिळणार नाही. जे मिळायचं ते रेझर विकतानाच, एकदाच. पण त्याच कारणाने गिऱ्हाइकाला मोठी रक्कम देताना भीती वाटत नाही: आम्ही उद्या दुकान बंद केलं तरी त्याच्या रेझरला ब्लेड मिळत राहणार. किंमत उचलून धरायला ही गोष्ट कोरीवकामापेक्षा जास्त कामाची आहे. वर्णनात घ्यायची.

१८ फेब्रुवारी

जुन्या गिऱ्हाइकांना चार प्रश्न पाठवले होते. डच अर्थतज्ज्ञ व्हॅन वेस्टेंडॉर्प यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत. कोणत्या किमतीला हा रेझर इतका स्वस्त वाटेल की दर्जाची शंका येईल? कोणत्या किमतीला फायद्याचा सौदा वाटेल? कुठे महाग वाटायला लागेल पण विचार कराल? आणि कुठे सरळ नाही म्हणाल?

उत्तरांतली सगळ्यांत उपयोगी रेघ पहिलीच निघाली. १४० च्या खाली बऱ्याच जणांना शंका येते: खरंच टायटॅनियम आहे का, की नुसता रंग? म्हणजे आमचा तळ जिथे आहे, तिथेच त्यांचा अविश्वास सुरू होतो. स्वस्त देऊन भलं करू म्हटलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही.

'महाग, पण विचार करू' हे २०० ते २६० मध्ये पसरलंय. त्याच्या वर उत्तरं विखुरलेली, त्यातून काही काढू नये.

सावधगिरी दोन. बोलायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे असे आकडे नेहमी थोडे हवेतले असतात. आणि हे सगळे आमचे स्टेनलेस वापरणारे लोक. त्यांच्या डोक्यात १०० हा आकडा पक्का बसलाय. ज्यांनी आमचा रेझर कधी पाहिला नाही पण संग्रहासाठी घेतात, ते या यादीत नाहीतच.

२४ फेब्रुवारी

विक्रेत्याचा फोन. सगळे ११० एकगठ्ठा घ्यायला तयार, ४० टक्के मार्जिनवर. एका दिवसात पैसे मोकळे होतील म्हणून दादा खूश.

हिशेब: आम्हाला किमतीचे ६० टक्के मिळणार. १२६.५ भागिले ०.६, म्हणजे २११. फक्त खर्च निघायला विक्री किंमत २११ लागेल, तीही आमच्या पदरात काहीही न पडता. नको म्हणून कळवलं. नेहमीच्या रेझरसाठी विक्रेता हवाच, तिथे तो अनोळखी गिऱ्हाईक आणतो. ११० नगांसाठी त्याच्या ओळखीची गरज नाही.

५ मार्च

लिमिटेड म्हणजे नक्की काय लिमिटेड, यावर दादाशी बरीच बोलाचाली.

डोक्याची नवी भूमिती, म्हणजे ब्लेडचा कोन, फट, टोपीचा बाक, पुढे स्टेनलेसमध्ये आणायची त्याची इच्छा आहे. मग ती भूमिती 'पुन्हा कधीच नाही' असं म्हणता येणार नाही. आणि हा नुसता नीतीचा प्रश्न नाही, आकड्यांचाही आहे. ३६०० मधले १४०० भूमितीवर गेलेत. ती पुढे वापरायची असेल तर त्यातला हिस्सा पुढच्या रेझरने उचलायला हवा. सगळा काढून टाकला तर खर्च १२५२० आणि तळ १२० वर येतो.

तळ मी खाली आणला नाही. त्या भूमितीचा स्टेनलेस रेझर आज फक्त दादाच्या वहीत आहे. न आलेल्या मालाच्या खांद्यावर आजचा खर्च टाकायचा नाही. पण शब्द स्पष्ट ठेवायचे: धातू, फिनिश आणि क्रमांक एकदाच, भूमिती पुढे दुसऱ्या धातूत येऊ शकते. हे पैसे घेण्याआधी सांगायचं.

दादा म्हणाला, "अगं, एवढं सांगितलंस तर घेणार कोण?" एरवी जो घेणार नव्हता तो घेणार नाही. पण हे न सांगता घेतलेला माणूस स्टेनलेस बाहेर पडल्या दिवशी फसवलं म्हणेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल. 'पुन्हा नाही' हा शब्दही आम्ही विकतोय. त्यापायी पुढची कमाई आम्ही सोडतो, म्हणून त्याला किंमत लावण्याचा हक्क आहे. पण जेवढं सोडतो तेवढ्याचीच.

१२ मार्च

परतविक्रीचा विचार. छोट्या कारागिरांचे मोजके रेझर पहिल्या दिवशी संपतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या हातात चढ्या भावाने दिसतात. मधला फरक बनवणाऱ्याला मिळत नाही, दाढी करणाऱ्यालाही नाही. किंमत फार कमी ठेवली तर औदार्य दाखवल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते पैसे सगळ्यांत चपळ बोटांच्या माणसाला जातात.

लिलाव हा त्यावरचा पुस्तकी उपाय. बंद बोली, सगळ्यांत मोठी बोली जिंकते, पण रक्कम दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढीच द्यायची. अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये दाखवलं की अशा लिलावात खरी किंमत सांगणंच बोली लावणाऱ्याच्या हिताचं असतं. ११० नगांसाठी हीच कल्पना ताणता येते: वरच्या ११० बोली घ्यायच्या आणि सगळ्यांनी १११ व्या बोलीएवढे द्यायचे. मला ही रचना मनापासून आवडते. दादाला अजिबात नाही. "ज्याने माझा पहिला रेझर घेतला त्याला बोली लावायला सांगू?" त्याच्या या प्रश्नाला माझ्या गणितात उत्तर नाही. लिलाव रद्द.

राहिलं ते असं: एकच किंमत, एका माणसाला एक नग, आठवडाभर नावनोंदणी, आगाऊ रकमेसह. नावं जास्त झाली तर चिठ्ठ्या. पहिल्या मिनिटाला बटण दाबणाऱ्याला कसलाही फायदा नाही.

आणि दुरुस्तीची हमी क्रमांकाला, माणसाला नाही. दुसऱ्याने विकत घेतला तरी हमी चालू. परतविक्री करणाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून हमी काढून घेणारे आहेत. त्यात भरडला जातो तो पुढचा निरपराध गिऱ्हाईक. शिवाय पहिला घेणारा मोठी रक्कम देतो ती थोडीफार या भरवशावर, की नाही आवडला तर दुसरा कुणी घेईल.

१३ मार्च

दिसण्यावरून बाद झालेले नग 'सेकंड' म्हणून स्वस्तात विकायचे नाहीत. त्यातले चांगले चालणारे चाचणीसाठी फिरवू: ज्याला घ्यायचाय त्याने उसना न्यावा, दाढी करून बघावी, निर्जंतुक करून परत पाठवावा.

२१ मार्च

किंमत ठरवायची बैठक. नफ्याचे टक्के बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न घेतला: किती नग विकले की सगळा खर्च वसूल?

१३४ ला सगळेच्या सगळे ११० विकावे लागतात. १६८ ला ८८. २२० ला ६७. २४० ला ६२.

१६८ चं महत्त्व असं की सगळे नग गेले तर पुढच्या नव्या कामाचे ३६०० बरोबर सुटतात. दादाचा कल १७० कडे होता, कारण ती त्याला 'सांगायला लाज न वाटणारी' किंमत. पण १७० ला ८६-८७ नगांपर्यंत आपण फक्त खर्च भागवत असतो. वीस-पंचवीस नग अडकले की संपलं. आणि अडकलेले नग नंतर उतरवून विकता येत नाहीत. क्रमांक घातलेल्या मालाला सवलत लावली की आधी पूर्ण पैसे देणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात हात घातल्यासारखं होतं. नेहमीच्या रेझरची किंमत वरखाली झाली तर चालतं, इथे नाही. म्हणून चूक व्हायचीच तर किंमत वरच्या बाजूला आणि संख्या खालच्या बाजूला व्हावी.

२४० मला आवडत होते. तिथे चार प्रश्नांतल्या 'महाग, पण विचार करू' या पट्ट्याचा बराच भाग मागे पडतो, आणि खर्चवसुली ६७ वरून ६२ वर, पाचच नगांचा फरक. पाच नगांच्या सुरक्षिततेसाठी इतक्या लोकांना दाराबाहेर ठेवणं परवडत नाही.

२२० ठरले. नेहमीच्या रेझरच्या दुपटीहून जास्त, हे दादाला अजून टोचतं. त्याला म्हटलं, तुझ्या हाताचे २४ या कागदावर मी तासाच्या साध्या दराने लावलेत. तो दर इतर कुणी मान्य केला असता का ते सांग. तो काही बोलला नाही, पुन्हा बफिंगला गेला.

२१९ किंवा २१९.९९ असलं काही नाही. अशा शेपट्या सवलतीच्या मालाला शोभतात.

२ एप्रिल

किंमत, संख्येची कमाल मर्यादा, वजन, भूमितीबद्दलचं वाक्य आणि हमी, सगळं एकाच पानावर जाहीर. 'जास्तीत जास्त ११०' असं लिहिलंय. दादाने हा शब्दप्रयोग का म्हणून विचारलं. कमी करायला वाट राहावी म्हणून.

१० एप्रिल

नोंदणी बंद. ९४ नावं, सगळी आगाऊ रकमेसह. चिठ्ठ्यांची गरज नाही. दोघांनी भूमितीच्या वाक्यावर बोट ठेवून माघार घेतली. एकाने तेच वाक्य वाचून नाव घातल्याचं कळवलं.

मुदत वाढवायची का? नको. ९४ ला १९६४६ हातात येतात, आणि ११० च्या योजनेचा पूर्ण खर्च १३९२० होता. इथे ओढाताण करायचं कारण नाही.

संख्याच उतरवली. क्रमांक १ ते १००, राखीव ८, एकूण १०८ बनवायचे. खर्च १०८ गुणिले ८६ अधिक ३६००, म्हणजे १२८८८. ६२ नगांत वसूल. ९४ वर शिल्लक ६७५८, म्हणजे नव्या कामाच्या ३६०० च्या जवळजवळ दुप्पट. उरलेले ६ क्रमांक त्याच किमतीला, जेव्हा जातील तेव्हा.

सळया १२० नगांच्या येऊन पडल्यात. टायटॅनियम गंजत नाही, पडून राहिलं तरी बिघडत नाही; ती रक्कम पुढच्या कामाच्या खात्यावर वळती.

१४ एप्रिल

कोरीवकामवाल्याला क्रमांकांची यादी पाठवली. दर नगी दर त्याने थोडा वाढवलाय, १२० ऐवजी १०८ म्हणून. ११ चे ११.५ होतील. किंमत तीच.

दादाला ७ क्रमांक स्वतःसाठी हवा आहे. २२० भर म्हटलं. घासाघीस चालू आहे.